करंगळीचा आधार

फिजिओथेरपिस्ट बाई दाराआड थबकल्या. बाहेर म्हातारा-म्हातारी परीक्षेची तालीम करत होती.

"एका पायावर, डोळे मिटून, दहा अंक. नापास झालात तर आपलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सुटलं. लेक तळमजल्यावर नेणार."

"एक, दोन... गेलो."

"माझ्या करंगळीला करंगळी टेकवा. नुसती टेकवा, भार नको."

"आठ, नऊ... अगं, जमतंय की. बारा."

"हळू बोला, लोक बघताहेत."

"बघू देत. अठरा. पण तू का डुलतेयस?"

"मीपण एकाच पायावर उभी आहे."

"पडशील ना गं."

"पडले तर तुमच्यावरच."

बाई पुढे आल्या. "पेशंट कोण?"

"मी. आत करंगळी चालेल का?"

"जिन्यात बरोबर कोण असतं?"

"हीच. चाळीस वर्षं."

"मग दोघंही या. पण चालत या, लंगडी घालत नको."