आबोलीचा घास

गौरवी : ताय, जरा इकडे या. पेटीतून हा वास कसला येतोय?

देवकी : मला तर काही येत नाही. तू आत्ताच माहेराहून आलीस, आधी पाय धू. पाववाला पदेर उंडे देऊन गेलाय, चहाबरोबर खा. आईचा गुडघा कसा आहे?

गौरवी : बरा आहे. आबोलीने उंदीर ओकून टाकलाय. अख्खा, केसांसकट.

देवकी : साप म्हटल्यावर घाण करायचाच गो.

गौरवी : घाण वेगळी, हे वेगळं. तीन महिन्यांचं पिल्लू आहे ते, पेन्सिलीएवढं जाड. मी तिला उंदराचं बिनकेसांचं गुलाबी पिल्लू देते, आठवड्यातून एक. शनिवारी सकाळी देऊनच मी पेडण्याला गेले. आज मंगळवार. मग हा केसाळ उंदीर कुठून आला?

देवकी : जनेलाच्या गजांतून शिरला असेल. शेतं कापली की उंदीर घरात येतात.

गौरवी : झाकण बंद असताना? फ्रीझरमधली मोठ्या उंदरांची पिशवी पण उघडी आहे. आबोली मोठी झाली की लागतील म्हणून साईशने बोटीवर जाताना आणून ठेवली होती. तुम्ही दिलात ना?

देवकी : दिला. दोन दिले. काय मोठं केलं? तो जीव बघ, दोरा झालाय नुसता. आठ दिवसांतून एवढासा घास. ह्या घरात कोणाला असं उपाशी ठेवलेलं नाही आजवर.

गौरवी : दोन? दुसरा कुठे आहे?

देवकी : करवंटीखाली बघ. ती तिथं लपते ना, तिथं असेल.

गौरवी : आहे. तो पण टाकलाय. गरम पाण्यात किती वेळ ठेवला होतात?

देवकी : तू ठेवतेस तसा. बाहेरून मऊ लागला हाताला.

गौरवी : आत बर्फ असणार, ताय. मोठ्या उंदराला जास्त वेळ लागतो. तिच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते, खालच्या मॅटच्या उबेवर तिचं पोट चालतं. आत गार घास गेला की तो पचत नाही, कुजतो. आणि तिच्या जाडीपेक्षा जरासाच मोठा घास चालतो तिला, एवढा नाही.

देवकी : तिनं आवडीनं खाल्ला. मी बघितलं.

गौरवी : पुढ्यात ठेवलं की खाणारच ती. नंतर हातात घेतलीत?

देवकी : आधी चहा घे गो.

गौरवी : खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलायचं नाही. फ्रिजवर लिहून लावलंय मी. घेतलीत का?

देवकी : घेतली. रविवारी साईशचा व्हिडिओ कॉल आला. म्हटलं, आबोली दाखवते. मनगटाला गुंडाळून घेतली. एवढा हसला तो. म्हणाला, ताय, तू आणि साप? अकरा मिनिटं बोलला माझ्याशी.

गौरवी : अकरा.

देवकी : व्हय, अकरा. तुला नाही कळायचं. तुझ्याशी तो रोज अर्धा तास बोलतो. आबोलीनं कात टाकली काय, पाणी प्याली काय, वजन किती वाढलं. मग फोन माझ्याकडे. ताय, जेवलीस? जेवले. औषध घेतलंस? घेतलं. बरं, ठेवतो. झालं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी एकोणीसची. नार्वे गावचं स्थळ आलं होतं मला. माणूस चांगला होता. ह्याला कोण बघणार म्हणून मी नको म्हटलं. आता त्या माणसाची मुलं कॉलेजात जातात. मी रडत नाही त्याच्यासाठी. पण माझ्या भावानं माझ्याशी बोलावं म्हणून मला एक साप हातात धरावा लागतो, हे लागतं मला.

गौरवी : मला काही लागत नाही असं वाटतं तुम्हाला?

देवकी : तुला काय कमी आहे?

गौरवी : लग्नाला दीड वर्ष झालं. त्यातले सात महिने तो घरी होता. भाज्यांचं खतखतं केलं, तर तो म्हणतो, तायच्या खतखत्यात तिरफळं जास्त असतात. कपाट हलवायचं, तर तायला विचार. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाची साडी पण तुम्ही पसंत केलीत. मी नेसले, काही बोलले नाही. त्याचं लहानपण तुमच्याकडे, त्याच्या आवडीनिवडी तुमच्याकडे. बोटीवर जायच्या आधी ही पेटी आणली, तेव्हा तो तासभर माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि मला शिकवलं. चिमटा कसा धरायचा, घास कसा हलवायचा. तुम्हाला नाही शिकवलं. ह्या घरात तेवढं एक माझं होतं.

देवकी : म्हणून मला कधी जवळ येऊ दिलं नाहीस.

गौरवी : हो. म्हणून.

देवकी : मी विचारलं असतं, तर दाखवलं असतंस?

गौरवी : नसतं दाखवलं.

देवकी : बरं. खरं बोललीस.

गौरवी : फोन वाजतोय. त्याचाच आहे. मी स्पीकरवर घालते.

साईश : पोचलीस का गं? आबोली कशी आहे?

गौरवी : तिनं खाल्लेलं बाहेर टाकलंय.

साईश : काय? गौरवी, शंभरदा सांगितलं होतं तुला. मोठा घास दिलास का? की मॅट बंद ठेवून गेलीस? एवढंसं पिल्लू ते. तुझ्यावर सोपवून आलो होतो ना मी?

गौरवी : हो, माझ्यावरच.

साईश : मग काय झालं?

देवकी : तिला ओरडू नको. ती घरात नव्हती. मी दिलं.

साईश : ताय? तू कशाला दिलंस?

देवकी : मोठे दिले, दोन. आतून गार होते. नंतर हातात घेतली, तुला दाखवायला. तू रविवारी बघितलीस ना, तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं.

साईश : मला सांगितलं का नाहीस तेव्हाच?

देवकी : तू हसत होतास.

साईश : बरं. आता ऐका दोघी. बारा दिवस तिला काही द्यायचं नाही. पोटातलं आंबट पाणी सगळं बाहेर गेलेलं असतं, ते परत तयार व्हायला वेळ लागतो. स्वच्छ पाणी ठेवा, मॅट चालू ठेवा, हात लावू नका. मग नेहमीच्यापेक्षाही लहान पिल्लू, एकच. परत टाकलं तर मात्र कठीण आहे. ताय, गौरवीला सगळं ठाऊक आहे. ती सांगेल तसं कर.

देवकी : करते.

साईश : गौरवी, मघाशी मी...

गौरवी : असू दे. तुझी ड्युटी असेल, जा.

(बारा दिवसांनी, रविवारी दुपारी. त्याच खोलीत.)

गौरवी : ताय, अशा दारात काय उभ्या? आत या.

देवकी : इथून दिसतंय मला. बारा दिवस नाही आले, आज कशाला येऊ?

गौरवी : ते पाणी बघा, कोमट आहे ना? बोट घालून बघा.

देवकी : आहे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतात तेवढं.

गौरवी : आता पिल्लू हातात घ्या. दाबून बघा, मधोमध. आत कडक लागतंय?

देवकी : नाही. सगळं मऊ आहे. एवढंसं आहे गो हे, शेंगदाण्याएवढं.

गौरवी : एवढंच पाहिजे आज. पुसून घ्या. हा चिमटा. मागच्या बाजूला धरा, डोकं तिच्याकडे.

देवकी : मी नको. माझ्या हातून परत काही झालं तर?

गौरवी : माझ्या हातून झालं तरी तिला तेवढंच होणार आहे. धरा. जरासं हलवा. एवढ्या जोरात नको. हां.

देवकी : बघत नाही ती.

गौरवी : जीभ बाहेर येतेय. थांबा तशाच.

देवकी : हात भरून आला माझा.

गौरवी : भरू दे. हलू नका.

देवकी : घेतलं. गौरवी, घेतलं तिनं.

गौरवी : चिमटा सोडा हळूच. झाकण मी लावते.

देवकी : मान बघ कशी ताणते. साईश लहानपणी भाताचा मोठा गोळा असाच गिळायचा. तुला राग आला मी हे बोलले म्हणून?

गौरवी : आला थोडा.

देवकी : मला पण येतो. तू त्याला साईश म्हणून हाक मारलीस की येतो. तुझ्या तोंडी वेगळंच वाटतं ते नाव.

गौरवी : मग काय म्हणू मी त्याला?

देवकी : तेच म्हण. माझं मी बघते.

गौरवी : गिळून झालं. करवंटीखाली चालली. आता त्याला कळवू या ना? मेसेज तुम्ही करा. तुम्हीच भरवलंत.

देवकी : आता नको. आधी पोटात राहू दे. दोन दिवस गेल्यावर सांगू.

गौरवी : तो आज विचारणार, ताय. बारावा दिवस त्याला पाठ असणार.

देवकी : विचारू दे. दोन दिवस हे आपल्या दोघींतच राहू दे.