आवडाबाईनं निवडलेली पिल्लं

— व्हय हो मामा, बसा की त्या स्टुलावर. विशाखा वरच्या मजल्यावर हाय, तिची पीएचडीची तोंडी परीक्षा अकराला, आन् आत्ता दहा बी वाजले नाय — पैठणची पहिलीच एसटी धरलेली दिसती तुम्ही. पोरीनं सांगितलं होतं मला, ‘आवडामावशी, माझे मामा येणारेत, वर यायच्या आधी ते मासेच बघायला येतील.’ तर बघा! विद्यापीठाचं हे मासेघर, आन् मी इथली सहा वर्षांची जुनी बाई — खाणं टाकायचं, पाणी बदलायचं, अंडी वेचायची. झेब्राफिश म्हणत्यात ह्याला, अर्ध्या बोटाएवढा जीव, पण मोठमोठ्यांना घाम फोडतो! काय म्हणता? — थांबा, आधी ऐका तर.

तुम्ही विचारणार, माशात एवढं काय बघायचं — माझा नवरा तर अजून विचारतो. तर असं हाय : ह्यांच्यात एक जीन घातलाय, हिरव्या उजेडाचा. निळी बॅटरी मारली की पिल्लू काजव्यावानी चमकतं. पण काही पिल्लं चमकतच नाय. मंग जीन गेला का? नाय गेला! जागच्या जागी हाय, नुसतं त्याला कुलूप लागलंय. आन् गंमत अशी, की आईचं कुलूप लेकराला बी जातं. पिढ्यान् पिढ्या ही कुलपं वाढत्यात का उघडत्यात — एवढंच तुमच्या भाचीला बघायचं होतं. आन् माशातच का? तर त्याला बी आपल्यासारखा पाठीचा कणा, अंडं काचेवानी आरपार, आन् तीन महिन्यांत पिल्लू स्वतःच आई! मी चौथी शिकलेली, पण हे सगळं तोंडपाठ हाय मला.

आता घरचेच तुम्ही, म्हणून सांगते — पोटात ठेवा. दर पिढीला शेकड्यांनी पिल्लं, त्यातली पन्नास पुढं वाढवायची. कशी? न बघता, हाताला येतील ती. कागदच चिकटवला होता पोरीनं भिंतीला. पण मामा, मी सोयगावकडची, शेतातली बाई. आमच्याकडं बियाणं न बघता ठेवत्यात का? भरलेलं कणीस बघूनच ठेवायचं! मी आपली बॅटरी मारून चमकदार पन्नास निवडत गेले — म्हणलं, पोरीला चांगलाच माल द्यावा. तीन पिढ्या! दर पिढीला जास्त उजेड. कुलपं आपोआप उघडायलीत म्हणून मोठे सर, तिचे गाईड, खूश, पेढे वाटले, मी दोन खाल्ले. मंग एक दिवस विशाखानं मला निवडताना बघितलं — उजेड वाढला तो माझ्या निवडीनं, कुलपं उघडून नाय! खालीच बसली फरशीवर. आधी हसली, मंग रडली.

दुसरी असती तर गप बसली असती, कुणाला कळणार होतं? हिनं सगळे आकडे रद्द केले, पहिल्यापासून मासे वाढवले. वर्ष गेलं तिचं. फेलोशिप संपली, तर औरंगपुऱ्यात शिकवण्या घेऊन दिवस काढले. आन् खरं काय निघालं? कुलपं वाढत्यात! बिलकुल उलटं. मोठ्या सरांनी विचारलं, ‘निवड कुणी केली?’ तर म्हणली, ‘मी.’ मी तिथंच उभी होते, हातात जाळी घेऊन. बोलले नाय. कंत्राट संपत आलं होतं माझं त्या महिन्यात, भ्याले. लाज वाटती मामा, अजून वाटती. आन् आज कुणीतरी बाहेरगावचे साहेब येणारेत परीक्षा घ्यायला, लई कडक म्हणत्यात, एकेक पान उलटून विचारणार, हे वर्ष कुठं गेलं, चूक कुणाची —

काय? बोला की, मी कुठं तोंड धरलंय तुमचं? — पिशवीतून काय काढलं हे? जाडजूड पुस्तक... ह्यावर विशाखाचं नाव... मामा नाय तुम्ही? मंग — अगं बाई. तुम्हीच ते?

बसा, उठू नका. नाय, बसाच. आता तोंडातून गेलं ते गेलं, मंग सरळच सांगते. वर जाऊन तुम्ही विचाराल, चूक कुणाची, तर ती म्हणंल, ‘माझी.’ ते खोटं हाय, साहेब. तिच्या सगळ्या पुस्तकात तेवढं एकच खोटं हाय. तिथं आवडाबाईचं नाव लिहा, मोठ्या सरांना बी सांगा, माझं काय व्हायचं ते होऊ द्या. — असं हसता काय? जावा आता वर, पोरगी उभी असंल तिथं.