गालातले वाटाणे

(मुलांनो, जरा एक खोली डोळ्यांसमोर आणा. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनच्या पायाशी निळ्या गणवेशांचा ढीग, मधोमध एक उंच खुर्ची. खुर्चीत दोन वर्षांची ठकू. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिच्याभोवती आई, आत्या आणि आजोबा. दाराशी एक भरलेली पिशवी. दिसलं? आता नुसतं ऐका.)

आत्या : नाक धर म्हणतेय ना मी! नाक धरलं की तोंड आपोआप उघडतं.

आई : नाही धरणार.

आत्या : मग मी धरते.

आई : ताई, हात लावू नका तिला.

आजोबा : अगं, हळू. पोर दचकतंय.

आत्या : पोर दचकतंय, आणि मी? काल डॉक्टरांनी काटा दाखवला तेव्हा तुम्ही बाहेर चपला सांभाळत बसला होतात, बाबा. मागच्या वेळेपेक्षा वजन उतरलंय. दोन वर्षांची मुलगी, उचलली तर उशी उचलल्यासारखी वाटते.

आई : मला माहीत आहे. रोज मीच उचलते.

आत्या : मग मी म्हणते ते ऐक. तुझा नवरा बोटीवर, तू दिवसभर मशीनवर. माझी तीन मुलं मी वाढवली, एकानं ताटात शीत टाकलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी निघते, ठकूला घेऊन निघते. अंगावर मांस चढलं की आणून सोडेन.

आई : पिशवी तुम्ही भरलीत. मी हो म्हटलेलं नाही.

आत्या : नाही म्हणायला तुझ्याकडे काय आहे? काट्यावर दिसलं ना सगळं?

आजोबा : माई, तलवार म्यान कर. चमचा घे हातात. एकदा तू भरवून बघ.

आत्या : बघतेच. ठकूराणी, आ करा. आ... हे बघ, आत्यापण आ करते. आ... घेतला! बघ वहिनी, घेतला! अजून एक. शाब्बास. अजून. आता गिळ. गिळ ना गं. अगं, चावत का नाही ही?

आई : गालात ठेवलेत. गिळणार नाही. घरभर सापडतात मग. परवा एका गणवेशाच्या खिशातून वाटाणा शाळेत गेला.

आजोबा : हजेरी लागली असेल त्याची.

आत्या : बाबा, ही थट्टेची वेळ आहे?

आई : द्या, मी उतरवते तिला खाली. रडून ओकेल नाहीतर. मी एवढी एक बाही टाचते आणि परत बसते. शाळेचा माणूस येईल आता गणवेश न्यायला.

आत्या : बघा! पोर उपाशी आणि ही निघाली शिवायला. म्हणूनच म्हणते...

आजोबा : माई, गप्प. ठकूकडे बघ. नुसतं बघ, बोलू नकोस. जमेल?

आत्या : बाबा!

आजोबा : नाही जमत म्हणजे.

आत्या : बघतेय. बसलीय आईच्या पायाशी. तोंडातून वाटाणा काढला. शी! चिंधीवर ठेवला. आता दुसरा काढला. तोही ठेवला, पहिल्याच्या पुढे. आता तिसरा... घाण ती घाण, आणि वर ओळ लावते!

आजोबा : ओळच लावते. सूनबाई, आहेस तशीच राहा. आत्ता तुझ्या तोंडात काय आहे?

आई : म्म.

आजोबा : नीट बोल.

आई : म्म म्म म्म.

आजोबा : आधी काढ बाई ते सगळं, मग बोल.

आई : टाचण्या हो. हात मोकळे राहतात म्हणून ओठांत धरते. काय झालं?

आजोबा : ओठांत धरतेस. ओठ मिटून. मग एकेक काढतेस आणि कापडाला लावतेस. आता खाली बघ.

आई : अगं बाई...

आत्या : काय? मला कुणी सांगेल का?

आई : ताई, ही माझं काम करतेय. चिंधीच्या कडेनं. सारखं अंतर सोडून.

आजोबा : सूनबाई, तू जेवतेस कधी?

आई : ती झोपल्यावर. ओट्याशी उभी राहून.

आजोबा : मीही मागच्या खोलीत जेवतो, म्हणजे हिच्या भरवण्यात लुडबुड नको. मग तोंडात गेलेली वस्तू पुढे पोटात जाते, हे तिनं पाहावं कुठे? तिनं जे पाहिलं ते चोख शिकली.

आई : म्हणजे मीच...

आजोबा : तू नाही. आपण सगळे. इतकी माणसं एका तोंडाकडे टक लावून बसलो, आणि आपलं तोंड हलवलं नाही कुणी.

आत्या : ऐकायला छान आहे, बाबा. पण गाडी थांबणार नाही.

आई : ताई, एक जेवण. माझं जेवण होईपर्यंत थांबा. तेवढ्यात तिनं एकही घास गिळला नाही तर ती पिशवी मी माझ्या हातानं तुम्हाला देईन.

आत्या : नंतर रडायचं नाही.

आई : रडेन. पण देईन.

आजोबा : तर मग कुणी आ म्हणायचं नाही. तिच्याकडे बघायचं नाही. माई, तू भिंतीकडे तोंड कर.

आत्या : या वयात कोपऱ्यात उभं करताय मला!

आजोबा : बसलीस तरी चालेल. सूनबाई, ताट घेऊन खाली बस. मलाही वाढ.

आत्या : बाबा, चावण्याचा केवढा आवाज!

आजोबा : बसवलेले दात आहेत. आवाज त्यांच्याबरोबर फुकट आला.

आत्या : काय करतेय ती?

आई : आलीय. मांडीला टेकून उभी आहे. माझा गाल चाचपतेय.

आजोबा : शोधतेय. गिळ, आणि दाखव तिला.

आई : बघ ठकू. नाही काही. गेला पोटात.

आत्या : मग?

आई : तिनं घेतला एक वाटाणा. माझ्या ताटातला.

आत्या : गालात?

आई : हो. गालात.

आत्या : ओठ?

आई : मिटलेत.

आत्या : झालं तर मग. मी उगाच नव्हते म्हणत...

आजोबा : तू तुझा घास घे, सूनबाई. वर बघू नकोस.

आई : बाबा... जबडा हलतोय तिचा.

आजोबा : घास घे म्हटलं ना.

आई : तिनं आ केलं. मी म्हटलं नव्हतं. आपणहून दाखवतेय मला.

आत्या : नीट बघ! दोन्ही गाल बघ!

आई : दोन्ही रिकामे आहेत, ताई.

आत्या : जिभेखाली?

आई : काही नाही. आता माझ्या ताटातल्या बटाट्यात हात घातलाय. पूर्ण मूठ.

आजोबा : माई? माई, रडतेस का?

आत्या : भिंतीकडे बघून डोळे दुखतात माणसाचे.

आजोबा : गाडीची वेळ होत आली.

आत्या : जाईल ती गाडी. मी जाईन सावकाश, एकटी. एका वाटाण्यानं काटा हलत नाही, मला कळतं. आठवडाभर रोज आपण सगळे इथेच, तिच्यासमोर जेवू, आणि मग परत नेऊ डॉक्टरांकडे. तिचे कपडे कपाटात ठेव, वहिनी. आणि त्या टाचण्या...

आई : टाचण्या खोचायला मनगटाला बांधायची उशी आहे माझ्याकडे. आजच काढते.

आत्या : आणि सकाळपासून या घरात मला कुणी जेव म्हटलेलं नाही.

आई : बसा ना, ताई. हे घ्या ताट.

आत्या : आता वळू का मी?

आई : वळा. पण सावकाश. ती तुमच्याकडेच येतेय. चिमटीत वाटाणा आहे.

आत्या : मला? नको गं राणी, तू खा. आत्याला नको.

आई : ताई, आ करा. ती थांबलीय.