न कळवता दिलेली भेट

(ताइचुंगहून ताइपेईकडे जाणारी गाडी. दुपार कलली आहे. मागे खासदार युन-जू, पुढे गाडी चालवणारा तिचा जुना सहायक आ-क्वांग. ड्रोनचा कारखाना पाहून निघाल्यापासून दोघांचीही तोंडं फुगलेली आहेत.)

आ-क्वांग : म्हणजे मीच फोडलं, असंच ना तुमचं म्हणणं?

युन-जू : मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

आ-क्वांग : मघापासून आरशातून बघताय माझ्याकडे. नाव घ्यायचं राहिलंय कुठे?

युन-जू : आपण न कळवता गेलो. समितीलाही सांगितलं नव्हतं. मग कारखान्याचे मालक लो काका फाटकावर फुलं घेऊन कसे उभे?

आ-क्वांग : शेठ लोकांना वास येतो, ताई.

युन-जू : वास येतो म्हणे. जेवणाचे डबे उघडले, तर तुझ्या भातावर कोथिंबीर, त्यांच्या इंजिनियरच्या भातावर कोथिंबीर. माझ्या एकटीच्या नाही. मला ती चालत नाही हे तिथे कुणाला ठाऊक?

आ-क्वांग : इतकी वर्षं तुमचे डबे मी मागवतो, म्हणून चोर मीच. छान.

युन-जू : चिडू नकोस.

आ-क्वांग : चिडू नको तर काय नाचू? मी त्यांचा माणूस असतो, तर त्या हिरव्या पुड्या तुम्हाला दाखवल्या असत्या का?

युन-जू : कुठल्या पुड्या? तू नुसतं कोपराने ढोसलंस. मला वाटलं, चला म्हणतोयस.

आ-क्वांग : कुरकुऱ्यांच्या हो. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून शकुनाला वर ठेवतात त्या. आपल्या प्रिंटरवरही आहे की एक.

युन-जू : मग त्यात काय? सगळेच ठेवतात.

आ-क्वांग : ठेवतात, पण ताजी. शिळी झाली की यंत्र रुसतं. माझा भाऊ कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आहे. मुदत जवळ आली की तो आधी पुडी बदलतो, मग चहा पितो. लो शेठच्या सगळ्या पुड्यांची मुदत गेल्या वर्षीच संपलीय. रोज चालणाऱ्या यंत्रावर कुणी ठेवेल अशी पुडी?

युन-जू : पण यंत्रं तर चालू होती.

आ-क्वांग : आज होती, तुमच्यासाठी. घाईघाईत फरशी पुसली, यंत्रं पुसली, पुड्यांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

युन-जू : आणि लष्कराला दर महिन्याला ड्रोन जातात ते?

आ-क्वांग : तयार येत असणार, समुद्रापलीकडून. इथे खोकं बदलायचं, आपलं लेबल चिकटवायचं.

युन-जू : चीनचा एक स्क्रूसुद्धा चालणार नाही असं करारात लिहिलंय. उद्या सकाळी पुढच्या खरेदीवर मत द्यायचंय मला.

आ-क्वांग : फोन वाजतोय. तुमचे बाबा. स्पीकरवर घेऊ?

युन-जू : घे.

बाबा : युन-जू, जेवलीस का गं?

युन-जू : जेवले, बाबा.

बाबा : बरं होतं ना? मी लोला बजावलं होतं, हिच्या डब्यात कोथिंबीर घालू नकोस म्हणून.

युन-जू : तुम्ही बजावलं होतंत.

बाबा : अगं, तू आईला म्हणालीस ना ताइचुंगला जातेय म्हणून. कामाच्या नादात उपाशी राहतेस तू.

युन-जू : ताइचुंग म्हणाले होते. कारखान्याचं अक्षर काढलं नव्हतं.

बाबा : मला तेवढं कळतं.

युन-जू : मी उपाशी राहू नये म्हणून सांगितलंत, की त्यांना फरशी पुसायला वेळ मिळावा म्हणून?

बाबा : प्रत्येक निवडणुकीत कुणाच्या ट्रकवर उभी राहून हात हलवलास तू?

युन-जू : ते नाही विचारलं मी. ड्रोन कुठून येतात, ठाऊक होतं तुम्हाला?

बाबा : मी कधी विचारलं नाही.

युन-जू : विचारलं नाहीत, की उत्तर नको होतं?

बाबा : लो म्हणाला, एवढी एक ऑर्डर जाऊ दे, मग यंत्रं सुरू करतो. जमीन आपली आहे तिथली. गावची माणसं आहेत कामाला.

युन-जू : आपल्या गावच्या वू आजींचा नातू लष्करात आहे, बाबा, चीनसमोरच्या किनमेन बेटावर. हेच ड्रोन उडवतो. त्याला कॅमेऱ्यातून जे दिसतं ते पलीकडेही दिसत असेल तर?

बाबा : त्याला स्टेशनवर पोचवायला मीच गेलो होतो.

युन-जू : आणि मी इथे आ-क्वांगवर संशय घेत बसले. लाज वाटते मला.

आ-क्वांग : राहू दे, ताई.

बाबा : तो ऐकतोय?

आ-क्वांग : गाडी मीच चालवतोय, साहेब.

बाबा : उद्या काय करणार आहेस?

युन-जू : विरोधात मत देणार, चौकशी मागणार. नुसत्या पुड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मग विचारतील, न कळवता गेलात तर कारखान्याला कळलं कसं.

बाबा : या वयात पोलीस आणशील माझ्या दारात.

युन-जू : हो. कदाचित आणीन.

बाबा : युन-जू.

युन-जू : ऐकतेय, बाबा.

बाबा : तिथे 'माझे वडील' म्हणू नकोस. वडील म्हणालीस की मुलगी होऊन बसशील, आणि पुढचं सांगायचं राहून जाईल. सरळ नाव घे माझं.

युन-जू : तुमचं नाव मी आजवर कधी तोंडाने घेतलेलं नाही.

बाबा : मग वाटेत दोन-तीनदा घेऊन बघ. उद्या अडखळायला नको.