भुऱ्याचं भुंकणं आणि मास्तरांचा सिद्धांत

...नाही, पण मी म्हणतो, त्या कुत्र्याला एवढं डोक्यावर चढवलं कुणी? गजानन मास्तरांनीच ना? मग आता का बोंबलायचं?

तुम्हाला सांगतो, एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. सिल्वासात, डोकमर्डीच्या चाळीत. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, आणि इकडे दर वळणावर दुकान! त्यामुळे चाळीतल्या बायकांना संध्याकाळी एकच घोर : आज नवरा पिऊन आलाय की नाही? तर गजानन मास्तर, मूळचे देवरुखचे, शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांच्या एक दिवस लक्षात आलं की फाटकापाशी बसणारा भुऱ्या पिऊन आलेल्यावर भुंकतो, बाकीच्यांना शेपूट हलवतो. झालं! मास्तरांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "माणूस खोटं बोलेल, कुत्रा खोटं बोलत नाही!"

बायका काय खूश! त्यात मंजुषा सगळ्यांत जास्त. तिचा नवरा समाधान, धुळ्याकडचा, सूत कारखान्यात कामाला. आधी प्यायचा, अगदी चवीनं प्यायचा. पण पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सोडली. खरंच सोडली हो! आणि नेमका त्यानंतर एका संध्याकाळी बिचारा पाळी संपवून येतोय, तर भुऱ्या... भॉक! भॉक! भॉक!

दार बंद. आतून मंजुषा, "पोरीची शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"अगं आईची आन, कॅन्टीनचा चहा सोडून काही नाही!"

"कुत्रा खोटं बोलत नाही!"

बसला पायरीवर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मंजुषानं रविवारी माहेरी जायचं ठरवून पिशवी भरली. समाधान मास्तरांकडे गेला, "मास्तर, मी नाही पिलो म्हणतो ना, हा पुरावा नाही का?"

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "बाळा, तुझं ते म्हणणं. भुऱ्याचं ते निरीक्षण."

समाधान म्हणाला, "मग पिऊनच येतो ना! बोलणी तर तीच खायची." हसण्यावारी नेलं मास्तरांनी. पोरगा हसत नव्हता...

बरं, मध्येच भुऱ्या तानूबाईंवर भुंकला. तानूबाई म्हणजे गळ्यात माळ, कांदासुद्धा वर्ज्य! आता तरी सिद्धांत मोडावा की नाही? पण मास्तर कसले! "तानूबाई, काही औषध घेता का?" "द्राक्षासव घेते जेवल्यावर." "बघा! आसव म्हणजे आंबवलेलंच!" मग तो एका वासरावर भुंकला. वासरावर! मास्तर म्हणतात, "मळी खाल्ली असेल." अहो, असा सिद्धांत तो मोडणार कसा? वासरू काय शपथ घेणार?

आणि मग तो शनिवार उजाडला. मास्तर भरदुपारी बाजारातून येताहेत, हातात दुधी. भुऱ्या उठला, आणि असा तुटून पडला म्हणून सांगू, की मास्तरांच्या पॅन्टचा पायच धरला! चाळ सगळी बाहेर. दारात मास्तरांची बायको, रजनीवहिनी, कमरेवर हात.

"अगं, मी... मी आणि दारू?"

"कुत्रा खोटं बोलत नाही," वहिनी म्हणाल्या. अगदी मास्तरांच्याच आवाजात!

"वारा उलटा असेल. त्याची तब्येत..."

"त्या समाधानच्या वेळी वारा सुलटा होता?"

मास्तरांनी हातातला दुधी खाली ठेवला. अहो, त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं, एक उलटं उदाहरण सापडलं की नियम गेला, मग तो कितीही लाडका असो. पोरांकडून घोकून घेतलं होतं!

तसेच चालत गेले आणि अजून दाराबाहेर पायरीवरच बसलेल्या समाधानच्या शेजारी बसले. सगळ्यांदेखत म्हणाले, "मी प्यालेलो नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे कुत्रा चुकला. माझ्या बाबतीत चुकतो, तर याच्या बाबतीतही चुकला असेल. हे मला याच्यावर भुंकला तेव्हाच सुचायला हवं होतं. सिद्धांत खोटा. तू खरा असशील रे बाबा."

समाधाननं मान खाली घातली. डोळे पुसले की घाम, कोण बघतंय! मंजुषा दोन कप चहा घेऊन आली. पहिला नवऱ्याला दिला. "घरातल्या माणसाचं सोडून मी फाटकावरच्या कुत्र्याचं ऐकलं," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन माहेरची पिशवी रिकामी केली.

"पण मास्तर," ती आतून ओरडली, "मग तो भुंकतो कशाला?"

"ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा! काय खोटं ते कळलं, खरं काय ते नाही कळलं. विज्ञानाला एवढं पुरतं म्हणे.

पण चाळीला पुरतं का? सोमवारी नळावर नवा सिद्धांत तयार! बायामाणसं आणि वासरं सोडा, पण पुरुषांपैकी भुऱ्या भुंकतो तो फक्त बायकोला भिणाऱ्यावर. मास्तर चवताळले. म्हणाले, हाही मोडून दाखवतो! बायकोला न भिणारा एकच माणूस आणायचा, फाटकातून चालवायचा, त्याच्यावर भुऱ्या भुंकला की संपलं!

शोधताहेत अजून... पार लांब खेरडी गावापर्यंत जाऊन आले बिचारे. वहिनींना विचारून.