काळी एकच ना?

नाही, हसू नका. हसणं हे माझं खातं आहे, तुमचं नव्हे. बघितलंच असेल तुम्ही मला टीव्हीवर, त्या नवरा-बायकोंच्या गाण्याच्या स्पर्धेत... नवरा गात असतो आणि शेजारी ती एक हसत असते ना, ती मी! भाजी घेताना बायका थांबवतात, ‘अय्या, तुम्हीच ना त्या? किती गोड हसता हो!’ किती गोड गाता, असं आजवर एकीनं म्हटलेलं नाही. गायिका आहे हो मी! शाळेत असल्यापासून शिकलेय, क्लासच्या बाईंनी माझं तोंड उघडावं म्हणून किती जीव आटवला, आणि आता सगळ्या जगाची समजूत काय, तर जोडीतला तो गातो आणि ती हसते. ही समजूत करून कुणी दिली? मीच.

सुरुवात झाली ती मला बघायला आले तेव्हाच. त्यांच्याकडे कळलं होतं मुलगी गाते, आमच्याकडे कळलं होतं मुलगा गातो, मग काय, चहाचे कप खाली ठेवायच्या आत सगळ्यांचं एकच, ‘होऊन जाऊ दे दोघांचं!’ कीबोर्ड घरात होताच, माझ्या भावाचा. मुलगा जाऊन त्याच्यापुढे बसला, एक पट्टी दाबली आणि माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाला, ‘काळी एक चालेल ना?’

आता ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांना सांगते. पट्टी म्हणजे गाण्याचा सूर जिथून धरायचा ती जागा. पुरुषांचा गळा एका पट्टीत मोकळा होतो, बायकांचा दुसऱ्या. याची काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, आणि माझी काळी चार. दोघांनी एकत्र गायचं म्हणजे कुणीतरी आपलं घर सोडून दुसऱ्याकडे राहायला जायचं, आणि लग्नात कोण कुणाकडे राहायला जातं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. तर तो म्हणाला, ‘काळी एक चालेल ना?’ मला म्हणायचं होतं, नाही हो, मला फार गैरसोयीचं होईल, मधली एखादी बघू या का? एवढं मोठं वाक्य जुळवायला वेळ लागतो हो! मी त्या वाक्याच्या अर्ध्यावर होते, समोर माणूस वाट बघतोय, म्हणून तोवर, तात्पुरती...

मी हसले.

‘वा, जमलं!’ म्हणाले सगळे. गाणंही जमलं आणि लग्नही. आणि काळी एक जी लागली ती लागलीच.

नवरा वाईट आहे असं मी म्हणतच नाही. उलट चांगला आहे हीच तर पंचाईत! वाईट असता तर भांडता आलं असतं. ऑफिसातून आला की आधी मला विचारतो, ‘दमलीस का?’ गातोही सुरेख. पण काळी एकमध्ये माझं काय होतं? खालच्या ओळींना आवाज सोफ्याखाली गेलेल्या चेंडूसारखा, आहे पण हाताला लागत नाही. आणि वरच्या ओळींना मी टाचा उंच करून माळ्यावरचा डबा काढतेय, मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या, आणि त्याही अवस्थेत, तुम्हाला सांगते, चेहरा हसरा! कारण तो हेडफोनवाल्या ताईंचा हुकूम.

या ताई म्हणजे त्या कार्यक्रमाच्या सर्वेसर्वा. गळ्यात हेडफोन, तोंडात च्युइंगगम, आणि कुणाशीही बोलताना नजर हातातल्या मोबाइलवर. आमची निवड झाली त्या दिवशी आम्हाला खोलीत बसवून म्हणाल्या, ‘चला, तुमची स्टोरी सांगा.’ आमच्या आधीचं जोडपं पळून जाऊन लग्न केलेलं, त्याच्या आधीच्यांची गाठ इस्पितळात पडलेली, दोघांचेही पाय प्लॅस्टरमध्ये. आमचं काय? नवरा म्हणाला, ‘आम्ही हिच्या घरी भेटलो. पंखा बंद होता.’ ताईंनी पहिल्यांदाच मोबाइलवरून मान वर केली. ‘काही दुःख? काही संघर्ष?’ ‘पंखा बंद होता,’ नवरा पुन्हा म्हणाला. ताईंनी सुस्कारा सोडला, ‘चालेल, घाम दाखवू.’ मग माझ्याकडे वळल्या, ‘आणि तुम्ही यांना नावानं हाक मारता? नको, अहो म्हणा. अहोला प्रेक्षक विरघळतो.’ घरी मी त्याला अरे-तुरे करते. पण सांगणार कोण?

मी हसले. आणि तिथेच घात झाला! ताई ओरडल्या, ‘हे! हे हसू मला हवंय! कॅमेरा लावा!’

मग मला सोफ्यावर बसवलं, समोर दिवा, आणि ताई कॅमेऱ्यामागून, ‘हसा. आता अभिमानानं हसा. आता लाजून. आता डोळ्यांत पाणी, पण आतून सुखी... नाही, नाही, हे दाढ दुखल्यासारखं झालं, परत!’ असा माझ्या हसण्यांचा अख्खा साठा त्यांनी एकाच बैठकीत भरून ठेवला. बरणीत लोणचं भरावं तसा. आणि मग दर आठवड्याला त्यातली लागेल ती फोड काढून कार्यक्रमात वाढायची. नवरा म्हणाला, ‘माझं पहिलं प्रेम संगीत!’, की मी लाजून हसतेय. नवरा कडवं विसरला, की मी अभिमानानं हसतेय. एकदा तर त्या प्लॅस्टरवाल्या बाई, आधीच एकदा पाय मोडून घेतलेल्या बिचाऱ्या, पायरीवरून घसरून धाडकन पडल्या, आणि पडद्यावर पुढच्याच क्षणी कोण? मी! डोळ्यांत पाणी, पण आतून सुखी! माझ्या सख्ख्या आईचा फोन, ‘अगं, कुणी पडलं तर असं हसायचं असतं का? हेच शिकवलं का आम्ही?’ मी त्या वेळी तिथे नव्हतेच हो, मी मेकअपच्या खोलीत कोरडं बिस्किट चावत बसले होते!

तीन परीक्षक होते. त्यातले जे थोरले, रेशमी गळपट्टा बांधणारे, ते दर वेळी डोळे मिटून म्हणायचे, ‘बेटा, तुझा आवाज कुठेतरी लपतोय.’ लपतोय? चिरडलाय हो काळी एकखाली! पण यावर प्रत्येकाकडे वेगळाच उपाय. सासूबाईंनी मिठाच्या पाण्याचं पातेलंच ओट्यावर कायमचं मांडलं. ‘गुळण्या कर गं, आणि जेव नीट. पोटात नसेल तर गळ्यात कुठून येणार?’ हेडफोनवाल्या ताई म्हणाल्या, ‘आत्मविश्वास कमी पडतोय.’ आणि नवरा, तो एकदा फार हळू म्हणाला, ‘तू मनापासून गात नाहीस का गं? माझ्यासाठी म्हणून गातेस?’ हे मात्र लागलं. आतवर लागलं. सांगून टाकायचं होतं, अरे, मनापासूनच गाते, पण मन एका पट्टीत आणि तू दुसऱ्या...

हसले की! दुसरं काय येतं मला?

एकटी असले की गायचे मी. सिंकपाशी उभी राहून, नळ सोडून, काळी चारमध्ये. काय सांगू तुम्हाला, कढई घासता घासता असा खणखणीत सूर लागायचा की वाटायचं, अरे, ही कोण? हिला कुठेतरी पाहिलंय! एका रविवारी अशीच रंगात आले होते आणि आतल्या खोलीतून नवऱ्याची हाक, ‘अगं, तो रेडिओ जरा बारीक कर ना, मला रियाज करायचाय!’ ऐकताय ना? माझा नवरा, माझ्या शेजारी उभा राहून दर आठवड्याला गाणारा, आणि त्याला माझा आवाज ओळखू आला नाही! आणि मी काय केलं? मी रेडिओ बारीक केला. म्हणजे मी बारीक झाले.

मग ती फेरी आली. थोरल्या परीक्षकांनी आधीच्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘ही जोडी आहे की एकट्याचा कार्यक्रम? पुढच्या वेळी बायकोचा आवाज ऐकू आला नाही, तर नवऱ्यालाही घरी जावं लागेल.’ नवऱ्यानं त्या आठवड्यात ऑफिसातून रजा घेतली. मला दोष दिला नाही, पण जेवताना घास हातात तसाच धरून बसायचा. माझ्यामुळे त्याचं गाणं सुटणार होतं, आणि त्याला कारणसुद्धा माहीत नव्हतं. मी बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून तालीम केली. गाण्याची नव्हे, वाक्याची. ‘मला काळी चार हवी.’ चारच शब्द! आरशातली प्रत्येक वेळी हसायची. तिला दटावलं, टॉवेल टाकला तिच्यावर.

स्टेजवर उभे राहिलो. दिवे लागले. कीबोर्डवाले काका नेहमीसारखे वाकले, ‘काळी एकच ना?’ नवऱ्यानं मान डोलावली. आणि माझ्या हातात माइक होता आणि तो चालू होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं हो, मी आपली आरशासमोर असल्यासारखी बोलून गेले...

‘मला काळी चार हवी.’

सगळ्या सभागृहात ऐकू गेलं! काकांची बोटं हवेत. हेडफोनवाल्या ताईंनी च्युइंगगम गिळलं. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमची टीपॉय उठून बोलली. ‘काळी चार?’ ‘हो रे.’ अहोसुद्धा विसरले!

आणि मग मी गायले. त्याबद्दल फार बोलत नाही, बोलता यायचंही नाही. एवढंच सांगते, की सिंकपाशी भेटायची ना, ती आली. माळा नाही, डबा नाही, टाचा जमिनीवर. गळपट्टेवाल्यांनी डोळे उघडले.

पुढचं कडवं नवऱ्याचं. आता माळ्यावरचा डबा त्याच्या वाट्याला! पहिली ओळ कशीबशी, दुसरीला मानेच्या शिरा, तिसरीला आवाज असा फाटला की पुढच्या रांगेतलं एक मूल दचकून रडायला लागलं. तो थांबला. माझ्याकडे वळला. मला वाटलं, संपलं, घर मोडलं! आणि तो चक्क हसला. हसला आणि हातानं खूण केली, तूच गा. त्याच्या वाटणीचं कडवंही मी गायले.

पुढच्या फेरीत गेलो आम्ही. गाडीत बराच वेळ तो गळा चोळत बसला. मग म्हणाला, ‘मला एकाच दिवसात एवढं दुखतंय... तुला रोज हे असं व्हायचं?’

‘हो.’

‘आणि तो रेडिओ...?’

‘मीच.’

‘मग बोलली का नाहीस गं?’

घरी गेल्यावर सासूबाईंनी त्याच्यापुढे पातेलं ठेवलं, एवढं मात्र बघून बरं वाटलं.

कार्यक्रम दाखवला त्या दिवशी आम्ही तिघं टीव्हीपुढे. आला तो क्षण... काका वाकले, ‘काळी एकच ना?’ आणि पुढे माझं वाक्य? कापलं! त्या जागी बरणीतली फोड, लाजून हसणारी मी, आणि निवेदकाचा गहिवरलेला आवाज, ‘पतीच्या एका नजरेनं फुलला तिचा सूर!’ माझ्या जन्मातलं एकमेव वाक्य हो! सासूबाईंनी डोळे पुसले, ‘बघ, गुळण्यांचा गुण आला की नाही?’

पण नवऱ्यानं ऐकलं होतं ना. तेवढं पुरे, म्हटलं. आणि काल पुढच्या फेरीची तालीम. काका वाकले, ‘काळी...?’ आणि नवरा काय म्हणाला माहितेय? म्हणाला, ‘तिला विचारा.’ तिला विचारा! सगळे माझ्याकडे वळले. काका, तबलेवाले, हेडफोनवाल्या ताई मोबाइल खाली ठेवून. वाक्य तयार होतं माझं, तालीम केलेलं. फक्त मनात आलं, काळी चार म्हटलं तर याचा गळा जाईल, काळी एक म्हटलं तर माझा, त्यापेक्षा मधली पांढरी चार धरली तर दोघांना थोडं थोडं... पण हे सगळं नीट जुळवून बोलायला जरा वेळ लागतो हो, आणि समोर माणसं वाट बघतायत, म्हणून तोवर, तात्पुरती...

‘कळलं, कळलं,’ काका म्हणाले, ‘काळी एक!’ आणि वाजवायलासुद्धा लागले.