गुरुवारी बाराच्या आत

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. मार्गो हेन्शॉ, व्यासपीठावर बसलेले अधिष्ठाता डॉ. स्ट्रँड, जिच्यासाठी आपण जमलो ती सत्कारमूर्ती हेल्मी राउतिओ, प्राध्यापक मंडळी, कचेरीतले, स्वयंपाकघरातले आणि बॉयलरखोलीतले माझे सोबती, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि केवळ केकसाठी आलेल्या सज्जनांनो,

मी वेन्डल क्राउस. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला खुर्च्या मांडताना पाहिलं असेल. बोलताना पाहिलं नसेल. तेहतीस वर्षं मी या सभागृहात भाषणं ऐकली, पण ती सगळी मागच्या दाराजवळ उभा राहून, कधी संपतंय याची वाट बघत. तेव्हा मागे जे कोणी आत्ता उभे आहेत त्यांना मी एवढंच सांगतो, मला कल्पना आहे. लांबवणार नाही.

हेल्मीबाईंचं काम काय होतं? ते नव्या मुलांना ठाऊक नसेल. दर सोमवारी सकाळी एक पिवळा कागद सगळ्या दारांवर लागायचा. वर लिहिलेलं असायचं, ‘येत्या आठवड्यात’. खाली वार, वेळ, जागा. सोमवारी समूहगानाची तालीम. मंगळवारी रक्तदान. बुधवारी तलावाच्या बर्फावर व्याख्यान. शनिवारी बर्फात भोक पाडून मासे धरायची स्पर्धा, गरम कपडे घालून यावे. आठशे विद्यार्थ्यांचं आपलं विद्यापीठ, पण त्या कागदावर पाहिलं तर वाटावं, इथे माणसाला श्वास घ्यायला फुरसत नाही.

एकतीस वर्षं तिने तो कागद काढला आणि त्या कागदात छापलेल्या प्रत्येक ओळीपुढे मी खुर्च्या मांडल्या. खरं सांगू का, थकलो. व्हायोलिनवादनाला ऐंशी खुर्च्या मांडायच्या, अकरा माणसं यायची, मग त्या ऐंशी उचलायच्या. पुढे पुढे मी अंदाज घ्यायला शिकलो. अकरा माणसं येणार असतील तर चौदा खुर्च्या मांडाव्या. वाजवणाऱ्याला वाटतं सभागृह भरलं. हेल्मी मला विचारायची, “किती मांडल्यास?” मी म्हणायचो, “चौदा.” ती म्हणायची, “तू फार निराश माणूस आहेस.” आणि मग स्वतः येऊन पंधराव्या खुर्चीवर बसायची, कारण पंधरावी ती स्वतः घेऊन यायची.

तिचा एक नियम होता. गुरुवारी दुपारी बाराच्या आत अर्ज आला तर तो कार्यक्रम सोमवारच्या कागदात. बारा वाजून पाच मिनिटांनी आला तर नाही. माननीय अधिष्ठात्यांनाही नाही. हसू नका डॉ. स्ट्रँड, तुमचं ते नेतृत्व शिबिर कसं रिकामं गेलं ते मला आठवतंय, खुर्च्या मीच उचलल्या.

आता मी मुद्द्यावर येतो. निरोपाच्या प्रसंगी माणसाचे गुण सांगायचे असतात, आणि मी तसंच भाषण तयार केलं होतं. पण आज सकाळी ते बाजूला ठेवावं लागलं. का, ते ओघात कळेल.

एकोणीस वर्षांपूर्वी इथे टेसा ओडेगार्ड नावाची पहिल्या वर्षाची मुलगी होती. नव्वद मैलांवरच्या एका लहान गावातली. उंच, जरा वाकून चालणारी, सगळ्यांना ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ म्हणणारी. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आपलं आवार कसं होतं ते तुम्ही जाणता. बुधवारी दुपारी सणाच्या जेवणासाठी घरी जाणाऱ्या गाड्या निघतात आणि गुरुवारी इथे फक्त बॉयलरचा आवाज असतो. पण तीस-चाळीस मुलं मागे राहतात. कोणाचं घर लांब असतं, कोणाला घर असूनही जायचं नसतं. या मुलीच्या मनात आलं की त्या गुरुवारी दुपारी एक वाजता तळघरातल्या हॉलमध्ये या सगळ्यांना जेवायला बोलवावं. ती स्वतः रानतांदळाचं सूप करणार होती. तिने अर्ज भरला.

तो अर्ज तिने माझ्या हातात दिला. आदल्या आठवड्यातला बुधवार होता. मी हॉलला कुलूप लावत होतो आणि ती धावत आली.

“मिस्टर क्राउस, तुम्ही मिसेस राउतिओंच्या कचेरीवरूनच जाता ना? एवढं द्याल का? मला प्रयोगशाळेत जायचंय.”

“दे इकडे,” मी म्हणालो. “आणि खुर्च्या किती लागतील?”

“चोवीस,” ती म्हणाली. “जास्त होतील का हो?”

“पुरतील,” मी म्हणालो आणि कागद जाकिटाच्या खिशात घातला.

तो तिथेच राहिला. काही मोठं कारण नाही. त्या दिवशी पाण्याचा एक नळ फुटला होता, गुरुवारी मी दुसरं जाकीट घातलं. शुक्रवारी दुपारी किल्ल्या शोधताना कागद हाताला लागला. मी तो हेल्मीच्या दाराच्या फटीतून आत सरकवला आणि चाललो. दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तर सांगावं लागलं असतं.

हेल्मीने त्यावर शुक्रवारचा शिक्का मारला आणि तो बाजूला ठेवला. नियम म्हणजे नियम. त्या सोमवारच्या कागदाच्या तळाशी चार बोटं जागा रिकामी होती. तिथे तिने पाइनच्या डहाळीचं चित्र छापलं.

सोमवारी टेसा तिच्या कचेरीत आली. मी तिथेच होतो. शिडीवर उभा राहून दिवा बदलत होतो.

“मिसेस राउतिओ, माझा कार्यक्रम नाही आला यात.”

“अर्ज उशिरा आला, बाळ. शुक्रवारी.”

“मी वेळेवर दिला होता.”

“हा बघ शिक्का. सगळे असंच म्हणतात गं.”

टेसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी दिवा फिरवत राहिलो. तो केव्हाच घट्ट बसला होता. मग ती म्हणाली, “बरं. माझीच चूक झाली असेल,” आणि गेली.

तिला एक वाक्य बोलता आलं असतं. मलाही आलं असतं. दोघंही बोललो नाही. पण तिचं न बोलणं आणि माझं न बोलणं यांत फरक होता. तो कुठला, ते या विद्यापीठातल्या तत्त्वज्ञान विभागाला विचारायला नको.

गुरुवारी मी चोवीस खुर्च्या मांडल्या. कमी मांडायला पाहिजे होत्या, पण हात धजावला नाही. तिने वसतिगृहातलं मोठं पातेलं भरून सूप आणलं होतं, दोन ट्रे पाव भाजले होते. कागदी रुमालांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. एक वाजला. दीड वाजला. कोणी आलं नाही. मुलं खोल्यांमध्ये बसून चिप्स खात होती, हे मला नंतर कळलं. त्यांना ठाऊकच नव्हतं.

“तुम्ही तरी बसा ना, मिस्टर क्राउस,” ती म्हणाली.

घरी माझी माणसं टर्की कापायला थांबली होती. मी बसलो. दोन वाट्या सूप प्यायलो. चांगलं होतं. मीठ जरा कमी.

ती म्हणाली, “कागदात असतं तर आले असते, हो ना?”

मी म्हणालो, “बाहेर बर्फ पडतोय ना. त्यामुळे असेल.”

एवढं मी तिला दिलं. बर्फ.

डिसेंबरअखेर टेसा विद्यापीठ सोडून गेली. जानेवारीत हेल्मीच्या हातात परत न आलेल्यांची यादी पडली. ती मला शोधत बॉयलरखोलीत आली. तिथे ती याआधी कधी आली नव्हती.

“त्या मुलीच्या जेवणाला किती आले होते?”

“एक.”

“कोण?”

“मी.”

ती तिथल्या उलट्या बादलीवर बसली. मग म्हणाली, “वेन्डल, जागा होती रे. मी डहाळी छापली.”

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फेब्रुवारीत ती टेसाच्या गावी जायला निघाली, रस्ते निसरडे होते म्हणून मी तिला विद्यापीठाच्या गाडीतून नेलं. जाताना नव्वद मैल. टेसा तिथल्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला लागली होती. हेल्मी आत गेली, मी गाडीत थांबलो. हीटर चालू ठेवायला कोणीतरी हवं, असं म्हणालो.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाली?”

“आईचं दुखणं आहे म्हणाली. तसंही सोडायचंच होतं. तुमच्या कागदामुळे नाही गेले म्हणाली.”

“मग झालं तर.”

“मी विचारलं, पण त्या दिवशी कोणी आलं असतं तर राहिली असतीस का? ती चादरींच्या घड्या घालत राहिली. मी विचारलं, अर्ज कोणाकडे दिला होतास? तर म्हणाली, आठवत नाही.”

टेसाला आठवत होतं. हे मला गाडीत बसल्या बसल्या समजलं. तरी परतीच्या नव्वद मैलांत मी तिला ते सांगितलं नाही.

त्यानंतर हेल्मीने काय केलं ते तुम्ही सगळे जाणता, फक्त कारण जाणत नाही. दर गुरुवारी सकाळी ती एकेका विभागाला, एकेका वसतिगृहाला फोन करायची, “काही राहिलंय का द्यायचं?” लोक चेष्टा करायचे. आणि थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारचं जेवण तिने स्वतः घातलं. पहिल्या वर्षी तीन मुलं आली. गेल्या वर्षी सेहेचाळीस. यात समाधान मानावं असं पुष्कळ आहे, आणि आज इथे कोणीतरी ते सांगेलच. मला दुसरं सांगायचंय. डलूथला तिची थोरली बहीण राहायची, लेम्पी. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दोघी बहिणी लहानपणापासून एकत्र जेवायच्या. पुढची अठरा वर्षं हेल्मी तिकडे गेली नाही. लेम्पी दरवर्षी फोनवर म्हणायची, “तुझी ती मुलं एक दिवस उपाशी मरणार नाहीत गं.” ती लेम्पी मागच्या मार्चमध्ये वारली.

गेल्या सोमवारी मी हेल्मीच्या कचेरीतला फळा भिंतीवरून काढत होतो. ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. काही विशेष घडलं नाही. फक्त माझ्या लक्षात आलं की यानंतर आम्ही दोघं एका खोलीत काम करणार नाही. मी स्क्रू काढता काढता त्या अर्जाचं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू शिडीवर होतास.”

“हो.”

“ऐकत होतास.”

“हो.”

“आणि गाडीत?”

मी पुढचा स्क्रू काढायला घेतला.

“शिक्का मी मारला, चित्र मी छापलं,” ती म्हणाली. “ते माझंच. पण मला वाटायचं, ती मुलगी खोटं बोलली असेल. एवढा एक आधार धरून मी झोपायचे, वेन्डल. आणि ते वाटल्याची लाज घेऊन उठायचे.”

तिने चिकटपट्टी ठेवली, कोट घातला आणि गेली. खोकी तशीच राहिली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, काही निरोप नाही. मला वाटलं आज ती येणारच नाही, आणि माझं भाषण तर छापील पत्रिकेत आलेलं.

आज सकाळी न्याहारीच्या वेळी तिचा फोन आला.

“भाषण तूच करणार आहेस ना?”

“तू नको म्हणालीस तर नाही करत.”

“कर. पण माझी आरती ओवाळू नकोस. झालं ते सांग.”

“सगळ्यांसमोर?”

“मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले होते ना, सगळे असंच म्हणतात म्हणून? कचेरीत चार माणसं होती तेव्हा.”

मी विचारलं, “हेल्मी, मला माफ केलंस का?”

ती म्हणाली, “तू एकोणीस वर्षं घेतलीस. मला चार दिवसांत उत्तर मागतोस?”

तर मंडळी, हे असं झालं. टेसाला मी बुधवारी पत्र टाकलं आहे. दवाखान्याचा पत्ता आहे, ती अजून तिथे असेलच असं नाही.

आता एक कामाची गोष्ट. हेल्मीच्या जागेवर कोणी येणार नाही, असं मला अधिष्ठात्यांनी कळवलं आहे. यापुढे सगळं फोनच्या पडद्यावर आपोआप दिसेल म्हणे. दिसत असेल. तोपर्यंत येत्या आठवड्याचे कार्यक्रम मी तोंडी सांगतो. सोमवारी चार वाजता समूहगानाची तालीम. मंगळवारी बुद्धिबळ, ग्रंथालयात. बुधवारी काही नाही, सगळे घरी पळणार. गुरुवारी दुपारी एक वाजता तळघरातल्या हॉलमध्ये जेवण. ज्यांना घरी जायचं नाही किंवा जाता येत नाही, त्यांनी यावं. यंदा स्वयंपाक मी करणार आहे, तेव्हा चवीची हमी नाही. खुर्च्या पन्नास मांडणार आहे. कमी-जास्तीचा अंदाज या वेळी घेणार नाही. हेल्मी त्या दिवशी कुठे असेल ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

कुलगुरूंचे, संयोजकांचे, केक करणाऱ्या स्वयंपाकघरातल्या बायकांचे आणि माझ्या पाठदुखीकडे दुर्लक्ष करून मला इतका वेळ उभं राहू देणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाचं नाव चुकलं असेल, तर ते पदरात घ्या. बाकीची माफी मी जिच्याकडे मागायची तिच्याकडे मागितली आहे. ती देईल किंवा देणार नाही. हेल्मी, तुला घाई नाही. यावर बाराच्या आतचा नियम नाही.

मी बसतो.